थोरलीच्या अंगावरचे पट्टे

मासा फार लहान असेल तर परत सोडा. फार मोठा असेल तरीही परत सोडा.

थोरली मेल्याची बातमी आली तेव्हा माझे दोन्ही हात एका माणसाच्या तोंडात होते. फोन स्पीकरवर होता. नवरा म्हणाला, "ताबडतोब तळ्यावर जा. थोरली मेली. आईने मारली म्हणतायत."

खुर्चीतला पेशंट कापसाच्या बोळ्यांसकट उठून बसला.

"ओओली?"

"हो. थोरली."

त्याने बोळे स्वतःच्या हाताने काढून ट्रेमध्ये ठेवले. "जा डॉक्टर. दाढ काय पळून जात नाही."

थोरली म्हणजे तळ्यातली सगळ्यात मोठी, सगळ्यात म्हातारी मादी. तळ्यातले निम्मे मासे तिची पोरं आणि उरलेले तिची नातवंडं, असं इथे सगळेच म्हणतात, आणि त्यात फारशी थाप नाही. एक मोठी मादी घालते तेवढी अंडी दहा लहान माद्या मिळूनही घालत नाहीत. म्हणून फाटकापाशी पाटी आहे: लहान मासा सोडा, कारण त्याला वाढायचंय, मोठा सोडा, कारण त्याच्यामुळे तळं वाढतं. थोरलीला पकडण्यात मोठेपणा होता. पण पकडून सोडली तरच. आणि पाटीच्या तळाशी लाल अक्षरांत एक ओळ आहे: ज्याच्या हलगर्जीपणामुळे मोठा मासा मरेल, त्याचा परवाना कायमचा रद्द.

ती लाल ओळ आजवर कुणावरच चालली नव्हती. आज हंगामाचा पहिला दिवस होता, आणि ती माझ्या सासूबाईंवर चालून आली होती.

हंगाम बंद असताना पाण्यात गळ टाकू नये.

सासूबाई शाळेत पीटीच्या बाई होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी आवाज अजून मैदानाएवढाच आहे. दर रविवारी त्या नवशिक्यांना मासे धरायला शिकवतात. "धरायला कुणालाही येतं, मी सोडायला शिकवते," हे त्यांचं वाक्य. आज त्या लाकडी फळ्यांच्या धक्क्यावर बसल्या होत्या, रॉड घडी करून मांडीवर, आणि आवाज कुठेतरी हरवला होता. त्याचीच मला भीती वाटली.

"आई, काय झालं?"

"काय व्हायचंय? सून दाढा सोडून तळ्यावर आली. म्हणजे मी गेलेच असं समजायचं."

"सांगा ना नीट."

"सूर्य वर आला, फाटक उघडलं, मी पहिला गळ टाकला. लगेच लागली. मला कळलं, थोरलीच." त्यांनी मांडीवरचा रॉड सरळ केला. "पण लढली नाही गं. दरवर्षी माझे खांदे उतरवते ती. आज ओलं पोतं ओढावं तशी आली."

"मग?"

"मग काय! पाण्यातच ठेवली. गळ खालच्या ओठात होता, अगदी कडेला. चिमट्याने काढला, हातसुद्धा लावला नाही. गेली. आणि थोड्या वेळाने पोट वर करून माझ्याच धक्क्याखाली आली."

"कुणी पाहिलं?"

"गळ काढताना बेकरीवाल्याने. मेलेली बघायला अख्खं गाव."

धक्क्यावरून व्हरांड्याकडे आणि फाटकाकडे जाणाऱ्या वाटेवर एक भली मोठी फांदी आडवी पडली होती. मागच्या आठवड्यातल्या वादळाची. तिला वळसा घालत मी क्लबच्या व्हरांड्याकडे निघाले तेव्हा त्या मागून म्हणाल्या, "संध्याकाळी सभा आहे. परवाना काढून घेणार. मग रविवारी मी काय करू? तुझ्या दवाखान्यात नंबर लावत बसू?"

हे त्यांनी चेष्टेत म्हटलं. पण चेष्टा करताना माणूस असा रॉडला घट्ट धरून बसत नाही.

रुग्णाचा कागद

रुग्ण: थोरली.
व्यवसाय: आई.
तक्रार: मृत्यू.
कुठे तपासली: व्हरांड्याच्या मागे, बर्फाच्या टबात. क्लबच्या अध्यक्षांना फोन आला म्हणून ते आत गेले, तेवढ्या वेळात. जवळ कुणी नाही.
खालचा ओठ: एक बारीक भोक. ताजं, स्वच्छ, कडा न फाटलेल्या. इथल्या नियमाचा गळ एकच आणि बिनदाती असतो, म्हणजे टोकामागे उलटा काटा नसलेला. तो जातो तसाच सरळ निघतो. हे भोक त्याचं.
जबड्याचा सांधा: ठीक.
घसा: आरसा घालून पाहिला. खोल आत, डाव्या बाजूला, एक गळ. गंजलेला. दाती. उलटा काटा मांसात रुतलेला, भोवती मांस सुजून, सडून, काही ठिकाणी जुनं होऊन बसलेलं. आखूड तोडलेल्या दोऱ्याचं टोक.
निदान: पोट खपाटीला गेलेलं. बरेच दिवस धड गिळता येत नसणार. उपाशी होती म्हणून आज पहिल्याच आमिषावर धावली.
उपचार: गळ काढलेला नाही. जागच्या जागी ठेवला आहे. कुणालाही सांगितलेलं नाही.
ता. क.: रुग्णाला कूस बदलून पाहिली.

कूस

बर्फाला टेकलेल्या बाजूवर पांढरे पट्टे होते.

माशाला हात लावण्याआधी हात ओले करा.

"कापसासारखे?" सासूबाईंनी विचारलं.

"अगदी. माझ्या ट्रेमधल्या बोळ्यांसारखे."

"बुरशी." त्यांच्या आवाजात पहिल्यांदा जीव आला. "डॉक्टरीणबाई, माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो ना, तो नुसता घाण वाटतो लोकांना. ते त्याचं चिलखत आहे. कोरडा हात लागला, कोरडं लाकूड लागलं, की तेवढ्या जागेवरचा थर निघतो. मासा पोहत जातो, धरणारा खूश. आणि काही दिवसांनी बरोब्बर त्याच जागेवर बुरशी उगवते."

"काही दिवसांनी. त्याच सकाळी नाही?"

"त्याच सकाळी कशी उगवेल? पाव आहे का तो?" मग त्या माझ्याकडे वळल्या.  "अगं... म्हणजे हंगाम बंद असताना कुणीतरी..."

"हळू, आई."

"अंडी घालायला काठाशी उथळात येते बिचारी. तेव्हा तिला शेंबडं पोरही धरेल! म्हणून तर फाटकाला कुलूप असतं!" मैदानाएवढा आवाज परत आला होता. बाजूच्या धक्क्यावरच्या बेकरीवाल्याने मान वळवली.

पट्टे हाताचे नव्हते. बोटं अशी सरळ नसतात. एकाशेजारी एक, समांतर, मधे निरोगी कातडीच्या फटी. आणि सगळे सारख्या रुंदीचे, फक्त एक सोडून. तो एक जास्त रुंद.

थोरलीला कशावर तरी ठेवलं होतं. लाकडी पट्ट्यांच्या कशावर तरी.

माझ्या बॅगेत कवळीचं माप घ्यायचं गुलाबी मेण असतं. टबापाशी परत जाऊन त्याची चादर ऊबेने मऊ करून मी थोरलीच्या कुशीवर अंथरली आणि पट्ट्यांच्या कडा त्यावर कोरून घेतल्या. आता माझ्याकडे गुन्ह्याच्या जागेचं माप होतं. फक्त ती जागा कुठे आहे ते माहीत नव्हतं.

बेकरीवाला

— तुम्ही पाहिलंत ना गळ काढताना?

— डोळ्यांनी. ओठातून काढला. बाईंनी हातही लावला नाही. पण माझं कोण ऐकतो? मी त्यांचा वैरी ना!

— वैरी?

— वीस वर्षं तो धक्का मागतोय मी. सावली आहे, खोल पाणी आहे. बाई म्हणतात, मी मेल्यावर घ्या. आता मरायच्या आधीच मिळतोय, तर मला घास उतरत नाहीये.

— तुमच्या गाडीत काय आहे?

— पाव थंड करायचे ट्रे. का?

— लाकडी पट्ट्यांचे?

— अहो, बेकरीत काय सोन्याचे असतात? ... काय करताय? ते गुलाबी काय आहे? पावाला चिकटेल!

— बसत नाही.

— काय बसत नाही?

— तुमच्या पट्ट्या फार जवळ आहेत. आभार माना.

— कुणाचे?

— सुताराचे.

— हे तुम्ही दातवाले लोक माणसाला भूल न देताच घाबरवता! बरं, एक सांगू का? अध्यक्षसाहेब मघाशी घाईत होते. मासा दुपारच्या आत पुरायचा म्हणाले. रोग पसरेल म्हणाले. मी म्हटलं, सभा होईपर्यंत थांबा, पुरावा आहे. तर एकदम व्हरांड्यातल्या आपल्या बाकावर जाऊन बसले. त्या बाकावर दुसरं कुणी टेकलं तरी त्यांना ताप येतो. माणूस राजीनामा देईल, पण बाक देणार नाही.

राखणदार

हंगाम बंद असताना तळ्याची राखण करणारे काका होडीत बसून पाणी उपसत होते. होडीच्या तळाला लाकडी पट्ट्या. मी न विचारता मेण खाली अंथरलं. पट्ट्या हाताएवढ्या रुंद निघाल्या. बसलं नाही.

"काका, बंदीच्या दिवसांत कुणी आलं होतं आत?"

"चिमणी नाही आली. मी रोज फेरी मारत होतो. रोज." ते फाटकाकडे बघत होते, माझ्याकडे नाही. मग म्हणाले, "ती धक्क्यावरची फांदी कधी पडली हो? पोरांनी तोडली वाटतं."

 वादळ झालं त्या दिवशी आख्ख्या वस्तीची वीज गेली होती. माझ्या दवाखान्याची पाटी उडून समोरच्या न्हाव्याच्या दारात पडली होती, आणि तो अजून त्यावरून मला टोमणे मारतो. ते वादळ ज्याला ठाऊक नाही, तो इथे नव्हता.

"काका, तुम्ही कुठे होतात?"

पाणी उपसायचं भांडं थांबलं.

"मुलगी बाळंत झाली," ते शेवटी म्हणाले. "नात झाली. माझं आहे तसंच नाक आहे तिचं." चेहरा आपोआप उजळला आणि लगेच विझला. "दोन आठवडे नव्हतो. काल रात्री आलो. कुणाला सांगू नका, नोकरी जाईल."

"सुट्टी कुणी दिली?"

काका परत पाणी उपसायला लागले.

"मग फाटकाची आणि व्हरांड्याची किल्ली कुणाकडे होती?"

काकांनी तळ्याकडे पाहिलं. तळ्याने त्यांच्याकडे पाहिलं. 

अध्यक्ष

अध्यक्ष व्हरांड्यात, आपल्या बाकावर, अंगरख्याचे घोळ दोन्ही बाजूंना पसरून बसले होते. मी आले तरी उठले नाहीत. भिंतीवर वर्षावर्षांचे फोटो होते: थोरली पाण्यात, आणि तिच्यामागे कुणी ना कुणी, ओल्या बाह्यांचं, हसणारं. बहुतेक फोटोंत सासूबाई. बेकरीवाला एकात. अध्यक्ष एकातही नाहीत.

"पाटी मी लिहिली," ते म्हणाले. "प्रत्येक नियम. लोक हसायचे तेव्हा. आज तुमच्या घरातल्या माणसावरच नियम चालवावा लागतोय, याचं मला वाईट वाटतं. पण नियम म्हणजे नियम. नातं बघून वाकवला तर तो नियम कसला?"

"पण आईंनी सगळं नियमाने केलं."

"नियमाने? मासा इतका उशिरा उचलायचा की तो आमिष गिळून बसतो. गळ घशात गेल्यावर नियम काय करणार? दातांच्या डॉक्टरांना दात कळतात. हे वेगळं शास्त्र आहे."

"बरोबर आहे तुमचं," मी म्हणाले, आणि बाहेर आले.

व्हरांड्याच्या पायरीवरच उभी राहिले. त्यांचं बोलणं मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.

मेण

सभेला थोडाच वेळ उरला होता आणि मी गुलाबी मेण घेऊन सगळीकडे फिरले, धक्क्याच्या फळ्यांवर अंथरलं, फाटकाच्या गजांवर लावून पाहिलं, तराजूच्या पाटावर ठेवलं, होडीघराच्या शिडीवर, खोकी रचतात त्या लाकडी चौकटीवर, आणि कुठेच ते बसेना, कुठे फट मोठी, कुठे पट्टी बारीक, आणि तो रुंद पट्टा तर कुठेच सापडेना, आणि बेकरीवाला मागे मागे येत म्हणाला, डॉक्टर, अहो मेण वितळतंय, आणि मी म्हटलं, माहीत आहे, आणि घंटा झाली.

सभा

व्हरांडा भरला. सासूबाई सगळ्यांत पुढे उभ्या होत्या, शाळेच्या प्रार्थनेला उभं राहावं तशा ताठ. परवाना त्यांनी आधीच हातात काढून धरला होता. त्यांना मागून घेतलेलं चालणार नव्हतं.

नवऱ्याने माझा हात दाबला. "काही सापडलं?"

"अर्धं."

"अर्ध्यावर आई सुटेल?"

 माझ्याकडे घशातला गळ होता, पण कोणीही म्हणालं असतं, तो आईंचाच. माझ्याकडे पट्टे होते, पण जागा नव्हती. काकांची सुट्टी होती, पण किल्लीचं नाव नव्हतं. आणि अध्यक्षांच्या तोंडून निघालेला एक शब्द होता, जो मी अजून कुणालाच सांगितला नव्हता.

बाहेरून चार माणसांनी टब आणून मधे ठेवला. थोरली तशीच, पट्टे खाली.

"ठराव वाचतो," अध्यक्ष म्हणाले. ठराव उभं राहून वाचायचा असतो. त्यांनी चष्मा लावला, अंगरखा सावरला, आणि ते उठले, आणि मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिलं की त्यांच्याखालचा तो बाक

बसायची जागा

पट्ट्यांचा होता. एकाशेजारी एक, सारख्या रुंदीच्या. कधीतरी एक तुटली असावी आणि सुताराने मिळाली तशी, जरा जास्त रुंद पट्टी ठोकून दिली होती. ती मधे नव्हती, जरा डावीकडे होती. मेणावरचा रुंद पट्टाही जरा डावीकडेच होता.

"थांबा!" मी ओरडले. सासूबाईंना बरं वाटलं असावं. असा आवाज मी त्यांच्याच घरात शिकले.

"डॉक्टर, ही सभा आहे," अध्यक्ष म्हणाले.

"म्हणूनच. सगळे आहेत. सरका जरा."

मी मेण बाकावर टाकलं. हातांनी दाबायची गरजच पडली नाही. ते असं बसलं, जसं चांगली कवळी बसते, टक् करून, आणि हलेचना.

व्हरांड्यात कुणीतरी "आं?" म्हणालं. मी थोरलीला उलटवलं. पांढरे पट्टे सगळ्यांना दिसले.

"हे काय आहे?" कुणीतरी विचारलं.

"आई, सांगा."

सासूबाई पुढे आल्या. रविवारच्या वर्गात बोलतात तशा बोलल्या. बुळबुळीत थर, कोरडं लाकूड, बुरशी, दिवस. सभेला आलेले अर्धे लोक त्यांचे विद्यार्थीच होते. माना डोलू लागल्या.

"म्हणजे," मी म्हणाले, "आज सकाळच्या आधी, फाटक बंद असताना, थोरलीला या बाकावर ठेवलं होतं. कोरड्या. पाण्याबाहेर. आई आज सकाळी फाटकातून आत आल्या, आणि या व्हरांड्यात तर आत्ता आल्या."

"बाकावर कुणीही ठेवेल," अध्यक्ष म्हणाले. आवाज शांत होता. "शिवाय मासा मेला तो आज. तुमच्या सासूबाईंच्या गळावर."

"व्हरांड्याला जाळीचं दार आहे. हंगाम बंद असताना कुलूप असतं. किल्ली दोघांकडे, तुमच्याकडे आणि काकांकडे."

"मग राखणदाराला विचारा!"

सगळ्यांच्या नजरा वळल्या. काका खांबाला टेकून उभे होते. टोपी हातात. त्यांनी टोपीकडे पाहिलं, मग थोरलीकडे. थोरलीकडे जरा जास्त वेळ.

"मी नव्हतो," ते म्हणाले. "साहेबांनी स्वतःहून सुट्टी दिली. म्हणाले, जा, नातीला बघून ये, कुणाला सांगू नको, लोक म्हणतील तळं मोकळं सोडलं. माझी किल्लीही ठेवून घेतली. दोन्ही किल्ल्या साहेबांकडे होत्या. आता नोकरी जायची तर जाऊ दे."

"कशी जाते बघतो," बेकरीवाला म्हणाला.

"मी कबूल करतो, सुट्टी दिली," अध्यक्ष म्हणाले. "माणुसकी म्हणून. त्याने काय सिद्ध होतं?"

"काहीच नाही," मी म्हणाले. "आता तोंड उघडते."

त्यांना वाटलं असावं, मी माझं म्हणतेय. मी थोरलीचं उघडलं. आरसा घातला, वरून बॅटरी धरली, आणि पुढच्या रांगेतल्या एकेकाला वाकून बघायला लावलं. गंजलेला गळ. उलटा काटा. भोवती जुनी जखम.

"दाती गळ," बेकरीवाला म्हणाला, आणि सरळ उभा राहिला. "आपल्या तळ्यात? बाईंचा सकाळचा गळ तर ओठात होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. बिनदाती होता, चिमट्याने सटकन निघाला."

"बरोबर. हा दुसरा. कितीतरी दिवस आधीचा. हाच तिला घेऊन गेला. हा गळ घशात आहे हे आज संध्याकाळपर्यंत फक्त दोघांना माहीत होतं. मला, कारण मी आरसा घालून पाहिला, आणि मी कुणाला सांगितलं नाही." मी अध्यक्षांकडे वळले. "आणि साहेब, तुम्हाला. दुपारी तुम्ही म्हणालात, गळ घशात गेल्यावर नियम काय करणार. आईंचा गळ ओठात होता हे सगळ्यांनी ऐकलं होतं. घसा तुम्हाला कुणी दाखवला?"

अध्यक्ष बसायला वळले. बाकावर मेण होतं. ते उभेच राहिले.

कबुली

"एकदाच," ते म्हणाले.

त्यांनी भिंतीवरच्या फोटोंकडे पाहिलं.

"सगळ्यांच्या गळाला लागली. या बाईंच्या तर दरवर्षी. पाटी मी लिहिली, ही भिंत मी बांधली, मासे सोडायला मी लोकांना शिकवलं, आणि मला तिने कधी एकदाही... या भिंतीवर माझा एक फोटो असावा एवढंच होतं. अंडी घालायला काठाशी आली होती. नियमाचा गळ दोनदा सुटला. म्हणून लोकांकडून जप्त केलेल्या दाती गळांतला एक लावला. तो ती गिळून बसली. इथे आणली, बाकावर ठेवली, फोटोसाठी. ती माझ्याकडे बघत होती. फोटो काढवला नाही. दोरा कापला आणि पळत नेऊन सोडली. वाटलं, जगेल."

कुंपणाने शेत खाल्लं, असं मागून कुणीतरी पुटपुटलं. कुणी त्याला गप्प केलं नाही.

सासूबाई त्यांच्या समोर गेल्या. मला वाटलं, आता मैदान दणाणणार. पण त्या साध्या आवाजात म्हणाल्या, "खोल गिळलेला गळ ओढला नाहीत, दोरा कापलात. तेवढं बरोबर केलंत. बाकी सगळं चुकलं." मग, "आणि माझ्यावर ढकललंत, ते तर पाटीवरही नाही."

अध्यक्षांनी ठरावाचा कागद परत उचलला. त्यांना सोडून बाकी सगळ्यांना वाटलं, ते तो फाडणार. त्यांनी खिशातलं पेन काढलं, सासूबाईंचं नाव खोडलं, आपलं लिहिलं, आणि उभ्या उभ्या, चष्मा काढून, शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. परवाना कायमचा रद्द. मग स्वतःचा परवाना टबाच्या कडेवर ठेवला आणि फाटकाकडे चालू लागले. फांदीपाशी त्यांना वळसा घालावा लागला.

पहिली टाळी काकांची होती. मग अख्खा व्हरांडा दणाणला. बेकरीवाल्याने मला उचलायचा प्रयत्न केला आणि कमरेत उसण भरून घेतली. नवरा सासूबाईंच्या गळ्यात पडला. त्या म्हणाल्या, "अरे, परवाना चुरगळेल!"

परवाना

"बाई, आता अध्यक्ष तुम्हीच!" कुणीतरी ओरडलं. दहा जणांनी री ओढली.

"मला काय करायचाय बाक? मला धक्का आहे."

"मग पाटीवर काही बदल?"

"एकच. खालची ओळ आहे तशीच. वर लिहा, राखणदार सुट्टीवर गेला की दुसरा नेमायचा. आणि काकांना म्हणावं, पुढच्या वेळी नातीला इकडे घेऊन या, मी पोहायला शिकवते."

थोरलीला काठावरच्या उंच जागी पुरलं. पुरुष खोदत होते आणि सासूबाई सूचना देत होत्या, "सरळ! सरळ खोद! कणा नाही का रे तुला?" परत आल्या तेव्हा ऊन उतरत होतं. त्या कुणालाही काही न सांगता धक्क्याकडे निघाल्या. सगळी सभा त्यांच्यामागे.

रॉड उघडला. गळ लावला, बिनदाती. टाकला. आम्ही सगळे श्वास धरून काठावर. दोरा ताणला.

मासा बराच लढला. सासूबाईंनी त्याला पाण्याच्या कडेला आणला, हात बुडवून ओले केले, मापाची पट्टी शेजारी धरली.

"सोडा, बाई!" मागून भरल्या आवाजात कुणीतरी म्हणालं. "आज सोडूनच द्या!" आणि मग सगळेच, अगदी ज्यांच्या डोळ्यांत पाणी होतं तेही: "सोडा! सोडा!"

सासूबाईंनी मागे वळून पाहिलं.

"का सोडू? लहान नाही, मोठा नाही, बरोब्बर मापात आहे. हा खायचा मासा आहे. सगळेच सोडले तर परवाना काय भिंतीवर लावायला ठेवलाय?" त्यांनी एका ठोक्यात, मासा तडफडायच्या आत, त्याचं काम संपवलं आणि तो माझ्या हातात दिला. "जा, चूल पेटव. ही सगळी माणसं जेवायला येणार."

"आई, एवढ्या लोकांना एक मासा कसा पुरेल?"

त्यांनी गळाला नवीन आमिष लावलं.

"बाजूला सरक," त्या म्हणाल्या. "माझ्या परवान्यावर दिवसाला दोन आहेत."